बत्तीस जोड सेफ्टी शूज

करुणा ओव्हाळच्या विषयाची ओळख करून देणारा तास संपला, मुलं डबे घेऊन बाहेर पळाली आणि टेबलावर नावनोंदणीचा कागद तेवढा उरला. कागदावर तीन नावं होती. त्यातलं एक, पेन चालतंय का हे बघायला वर्कशॉपच्या बापूसाहेबांनी लिहिलेलं होतं.

"म्हंजी दोन," बापूसाहेब म्हणाले. "पण पेन झकास चालतंय, मॅडम."

विषय होता 'मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस'. खिळ्यापासून इंजिनापर्यंत वस्तू कशा घडतात, धातू कसा ओततात, ठोकतात, वाकवतात, जोडतात आणि कापतात, हे सगळं त्यात यायचं. आजवर तो सक्तीचा होता, त्यामुळे कुणाला आवडतो का हे विचारायची कधी वेळच आली नव्हती. यंदापासून तो ऐच्छिक झाला. त्याच्यासमोर उभं होतं 'ॲप डेव्हलपमेंट', आणि ते घेणाऱ्याला एक टी-शर्ट फुकट मिळत होता.

प्राचार्यांनी करुणाला बोलावून अगदी सौम्य आवाजात सांगितलं होतं, "शनिवारी पाचपर्यंत वीस नावं आणा. वीस झाली तर विषय चालेल. विषय चालला तर तुमच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर काढता येईल. नाहीतर मॅडम, माझाही नाइलाज आहे." प्राचार्य सौम्य बोलायला लागले की समोरचा दार कुठंय ते बघून ठेवायचा.

करुणाचे वडील दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. लेक इंजिनिअर झाली, पाटस रस्त्यावरच्या कॉलेजात शिकवायला लागली, तेव्हा त्यांनी दारावर 'प्रा. करुणा ओव्हाळ' अशी पाटी लावली होती आणि रोज सकाळी ते ती फडक्यानं पुसायचे. आता ती पाटी उतरवायची वेळ आली तर वडिलांना काय सांगायचं, या विचारानं तिला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. आई ताईबाई तर रोज दारातच विचारायची, "किती झाली गं नावं?"

"मुलांना चित्रं दाखवून काही होणार नाही," करुणा म्हणाली. "त्यांना एकदा खरा कारखाना दाखवला पाहिजे. रांजणगावला न्यायचं."

"हुन जाईल," बापूसाहेब म्हणाले.

बापूसाहेब वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर. एखाद्या कामाला नकार देणं त्यांना सत्तावीस वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं, आणि त्यामुळे बरीच कामं व्हायची राहिली होती. पण या वेळी खरोखरच झालं. रांजणगावच्या एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या कंपनीनं बुधवारी दुपारी तीनची वेळ दिली. कंपनीचा मेल आला तो करुणानं बापूसाहेबांकडे पाठवला. मेलच्या अगदी शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाहुण्यांनी सेफ्टी शूज घालून यावं. बापूसाहेबांनी चष्मा न लावता ते वाचलं आणि मुलांच्या ग्रुपवर टाकलं, 'सर्वांनी चांगले बूट घालून येणे.'

मुलांनी आज्ञा मनावर घेतली. बुधवारी कॉलेजच्या बसमध्ये बत्तीस मुलंमुली चढली ती एकाहून एक सरस बूट घालून. एकवीस जण तास बुडतो म्हणून आले होते, दहा जण कंपनीत समोसा मिळतो म्हणून, आणि पप्पू आला होता तो त्याचे परवाच घेतलेले पांढरेशुभ्र बूट लोकांनी बघावेत म्हणून. चौफुल्यापर्यंत सगळ्यांचे बघून झाले होते.

गेटवरच्या हवालदारानं बत्तीस जोड बुटांकडे बारकाईनं पाहिलं.

"सेफ्टी शूज कुठंयत?"

"हे काय," बापूसाहेब म्हणाले. "एकबी पोरगं चपलंत न्हाई. बघा की."

"अहो, सेफ्टी शूज! फुडं लोखंडाची टोपी आसतीय ते. हेल्मेट आम्ही देतो, गॉगल देतो. बूट ज्याचे त्यानं आणायचे."

करुणानं विनवून पाहिलं. हवालदारानं आत फोन लावला. आतून उत्तर आलं की नियम म्हणजे नियम, आज जमत नसेल तर पुढची तारीख दिवाळीनंतर. करुणानं घड्याळात पाहिलं. तीनला पाच मिनिटं कमी होती. शनिवार तीन दिवसांवर होता, दिवाळी दोन महिन्यांवर.

त्याच वेळी शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला. तो कारखाना जुना, पत्र्याचा, धुरानं काळवंडलेला. त्याच्या फाटकातून पहिल्या शिफ्टचे कामगार बाहेर पडले आणि समोरच्या वच्छलाबाईंच्या चहाच्या टपरीवर येऊन विसावले. बापूसाहेबांची नजर त्यांच्या पायांकडे गेली. प्रत्येकाच्या पायात काळे, जाड, पुढून टणक सेफ्टी शूज होते.

"मॅडम," बापूसाहेब म्हणाले, "हुन गेलं काम."

"बापूसाहेब, नको," करुणा म्हणाली. पण तोवर ते रस्ता ओलांडून गेले होते.

ह्या लोकांची बस आधी दुसऱ्या कंपन्यांची माणसं गोळा करून चारला इथं येते, तोवर ही मंडळी टपरीवरच असतात, हे बापूसाहेबांना ठाऊक होतं. त्यातला एक जण, म्हाळू, त्यांच्या मावसबहिणीच्या गावचा. पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला, कमी बोलणारा माणूस.

"म्हाळूमामा, पाऊण तासासाठी बूट द्या. आपली शेतकऱ्यांची पोरं हायत, कंपनी बगायचीय त्यांना. चारच्या आत तुमच्या पायात आणून घालतो."

म्हाळूमामांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "शिकायचंय म्हनल्यावर कसं न्हाई म्हणावं?" असं म्हणून त्यांनी लेस सोडली. मामांनी काढले म्हणून बाकीच्यांनी काढले. पाच मिनिटांत टपरीसमोर बत्तीस जोडांची अदलाबदल झाली. कामगार मोज्यांवर बाकड्यावर बसले आणि त्यांच्यासमोर मुलांचे रंगीबेरंगी बूट रांगेत लागले.

"मामा, सांभाळा हां," पप्पू आपले पांढरे बूट ठेवताना म्हणाला. "परवाच घेतलेत."

"जा रं बाबा. मी काय चाटतोय व्हय त्यास्नी?"

मोनिकाचा पाय चार नंबरचा, मिळालेला बूट नऊ नंबरचा. ती चालायला लागली की आधी पाय पुढे जायचा, मग थोड्या वेळानं बूट यायचा. सगळी रांग खडखड करत गेटमधून आत गेली आणि हवालदारानं समाधानानं मान हलवली; करुणाच्या आणि बापूसाहेबांच्या पायांकडे बघायचं त्याला सुचलंच नाही.

आत एक टाय लावलेला तरुण अधिकारी हसतमुखानं सामोरा आला. त्यानं सगळ्यांना काचेच्या दारापाशी नेलं आणि म्हणाला, "वेलकम! शूज इथेच बाहेर काढा प्लीज. आत कार्पेट नवीन आहे."

करुणाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "शूज काढायचे?"

"हो मॅडम. प्रेझेंटेशन हॉल आहे ना."

बत्तीस जोड पुन्हा उतरले. हॉलमध्ये गार हवा, मऊ खुर्च्या आणि भिंतभर पडदा. पडद्यावर एकापाठोपाठ एक गोष्टी यायला लागल्या. कंपनीचं ध्येय. कंपनीची दृष्टी. वृक्षारोपण. रक्तदान. क्रिकेट स्पर्धेचा कप. सत्तेचाळिसाव्या चित्रात एक मशीन दिसलं, पण त्याच्यापुढे साहेब फीत कापत असल्यामुळे मशीनचा फक्त कोपरा दिसत होता. मग एक व्हिडिओ लावला, तो मध्येच अडकला आणि गोल गोल फिरत राहिला.

"मशिनं, शॉप फ्लोअर कधी बघायचा?" करुणानं विचारलं.

"आज कस्टमर ऑडिट आहे, मॅडम. आत कुणालाच सोडत नाहीत."

"मग सेफ्टी शूज कशाला लागत होते?"

"तो गेटचा नियम आहे," तो फार नम्रपणे म्हणाला. "आमच्या डिपार्टमेंटचा कार्पेटचा आहे."

व्हिडिओ सुटला, समोसे आले, समोसे संपेपर्यंत आभारप्रदर्शन झालं. दारापाशी एकसारखे काळे बूट एकमेकांत मिसळून गेले होते, ज्याच्या हाताला जे लागले ते त्यानं चढवले. सगळे बाहेर आले तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. टपरीवर वच्छलाबाई एकट्याच ग्लास विसळत होत्या. बाकडी रिकामी होती. बाकड्यांसमोरची जागाही रिकामी होती.

"मावशी, माणसं कुठंयत?" बापूसाहेबांनी विचारलं.

"गेली की! धा मिनटं बस आडवून धरली त्यांनी. मग डायवर बोंबलाय लागला. आता काय आनवाणी जात्याल व्हय? ज्याला जे बसलं ते घालून गेली."

पप्पू मटकन बाकड्यावर बसला. बापूसाहेबांनी म्हाळूमामांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मागून बसची घरघर ऐकू येत होती.

"आवो, थांबाया लई सांगितलं, ऐकना गडी. आता न्हावरं येईल, तितं मी उतरतोय. बाकीची चौफुला, पाटस, दौंडाकडची हायत. पण बापूसाहेब, सकाळी सातला गेटवर पायात बूट नसला ना, तर हजेरी लागत न्हाई. सगळ्यांचा दिस बुडंल."

करुणानं मुलांच्या पायांतल्या बत्तीस जोडांकडे पाहिलं. आपल्या विषयाला वीस नावं मिळावीत म्हणून आपण बत्तीस माणसांचा रोज बुडवायला निघालो, या विचारानं तिची तिलाच लाज वाटली. नोकरीचं जे व्हायचं ते होवो, असं तिनं क्षणात ठरवून टाकलं.

"बसमध्ये चढा," ती म्हणाली. "आज बूट परत केल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. मी पण नाही."

नशिबानं कामगारांची वाट आणि कॉलेजची वाट एकच होती. बुटाच्या जिभेवर आतून पांढऱ्या रंगानं प्रत्येकाचा टोकन नंबर घातलेला होता. मोनिकानं नंबर वाचायचा, म्हाळूमामांनी फोनवरून नाव आणि गाव सांगायचं आणि आयुषनं लिहायचं, असं करत न्हावऱ्यापर्यंत यादी तयार झाली.

मामांची वस्ती न्हावऱ्याच्या अलीकडे होती. बस थांबली तेव्हा मामा अंगणात उभे होते, अनवाणी. मागच्या दोरीवर पप्पूचे पांढरे बूट लेस बांधून उलटे लटकत होते आणि त्यांतून पाणी ठिबकत होतं.

"मामा!" पप्पू ओरडला.

"बसमधनं उतारलो आन् शेणात पाय पडला रं. सूनबाईनं धुवून टाकले. पावडर टाकून, ब्रशनं. नव्यावाणी झालेत बग."

"नवेच होते, मामा."

"मग आता लईच नवे झाले."

आतून चहाचं फर्मान सुटलं. बत्तीस जणांचा चहा व्हायला वेळ लागणार, म्हणून मुलं अंगणात पांगली. मोनिकानं मामांचे बूट त्यांच्यापुढे ठेवले आणि सहज विचारलं, "मामा, तुम्ही कंपनीत नेमकं करता काय?"

"फाउंड्रीत मोल्डिंगला हाय. वाळूचा साचा करतो, त्यात रस वतत्यात."

"म्हणजे कसं?"

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणाच्या कडेला नुकतंच पाणी दिलेली मऊ माती होती. त्यांनी आपला एक बूट उचलला, मातीवर ठेवला, सावकाश दाबला आणि अलगद उचलला. मातीत बुटाचा ठसा उमटला, तळाच्या खाचांसकट.

"ही बग पोकळी. ह्यात लोखंडाचा रस वतला आन् गार केला की काय व्हईल?"

"बुटाचा तळ," पप्पू म्हणाला. ओल्या बुटांचं दुःख विसरून तो वाकून पाहत होता.

"व्हय. आन् रस गार झाला की आकसतो बरं का. म्हून साचा हमेशा जरा मोठा घ्यायचा."

"मला नऊ नंबर दिला तसा?" मोनिका म्हणाली, आणि मामा प्रथमच हसले.

हीच गोष्ट करुणानं सोमवारी अकरा चित्रं दाखवून सांगितली होती आणि मागच्या तीन बाकांवर लोक झोपले होते. आता बत्तीस मुलं एका ठशाभोवती दाटीनं उभी होती.

"ताई, तुमी तर बगितलंच आसंल रस वतताना," मामा म्हणाले. "काय दिसतं, न्हाई का? कोवळ्या उनावाणी."

करुणानं मातीतला ठसा बोटानं चाचपून पाहिला. मग म्हणाली, "नाही हो मामा. चार वर्षं शिकवतेय, पण कधी पाहिलं नाही. मी फक्त फळ्यावर त्याचं चित्र काढते."

बोलून गेल्यावर तिचे कान गरम झाले. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पण कुणी हसलं नाही, आणि तिला चार वर्षांत पहिल्यांदाच हलकं वाटलं.

तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. "मॅडम, पालकांचे फोन येतायत. तुमची इंडस्ट्रियल व्हिजिट अजून चालू आहे का?"

"हो सर. आता न्हावऱ्याजवळ आहोत."

"न्हावऱ्याजवळ? तिथे कोणती इंडस्ट्री आहे?"

करुणानं अंगणात पाहिलं. पप्पू, मोनिका आणि आणखी चौघं मातीत बुटाचे ठसे काढत बसली होती आणि मामा त्यांच्या मागे उभे राहून चुका सांगत होते.

"फाउंड्री आहे, सर," ती म्हणाली.

चौफुल्याला रामसागर नावाचा वेल्डर भाड्याच्या खोलीत भाकरी थापायला शिकत होता. तो आयुषचे हिरवे बूट घालून दारात आला. त्याला आयुषनं विचारलं, तर त्यानं परातीतलं पीठ दाखवून सांगितलं, "देखो भैया, दो टुकडा जोडना है तो पहले दोनों का किनारा साफ. गंदा रहेगा तो ऊपर से चिपकेगा, अंदर से नहीं. मॅडम, चाय घेनार?" पाटसला प्रेसवर काम करणाऱ्या एकानं मुलींना अंगणातल्या पत्र्याच्या डब्याचा वाकलेला काठ दाखवून, पत्रा न फाटता कसा वळवतात ते समजावलं. तिथून बस हलेना, कारण मुलं उतरली ती चढायलाच तयार नव्हती. आधी करुणा त्यांना 'चला, लवकर' म्हणत होती. दौंडच्या शेवटच्या थांब्यावर बापूसाहेब तिलाच 'चला मॅडम, लवकर' म्हणायला लागले. पावणेआठला शेवटचा बूट पोचला. बत्तीसच्या बत्तीस. घरी गेल्यावर ताईबाईनं विचारलं, "किती झाली गं नावं?" तर करुणा म्हणाली, "नावांचं काही माहीत नाही आई, बूट सगळे झाले." ताईबाईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी करुणानं कागद वर्गात नेलाच नाही. विषयाचं आता काही खरं नाही, हे तिनं मनाशी मान्य केलं होतं. शनिवारी चारला ती कपाट आवरत होती, तेव्हा मोनिका आणि पप्पू दारात आले.

"मॅडम, तो कागद कुठाय?"

"कशाला?"

"सह्या करायच्यात. सत्तावीस जण खाली उभे आहेत."

करुणानं हातातल्या वह्या खाली ठेवल्या. "सत्तावीस? आणि टी-शर्ट?"

"टी-शर्ट घेऊन झाला, मॅडम," पप्पू म्हणाला. "पण आमची एक अट आहे. विषयाची ओळख नीट झाली नाही. पहिला तास पुन्हा पाहिजे. आणि तो तुम्ही घ्यायचा नाही. म्हाळूमामांनी घ्यायचा."

एरवी कुठल्याही शिक्षकाला हे लागलं असतं. करुणाला इतका आनंद झाला की तिनं आधी 'हो' म्हटलं आणि अट काय होती ते नंतर पुन्हा विचारून घेतलं.

मामांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तास ठरला. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले. सोबत त्यांनी एका गोणीत कारखान्यातली साच्याची वाळू आणली होती. बापूसाहेबांनी टेबल पुसून दिलं. वर्गात एकही जागा मोकळी नव्हती, म्हणून करुणा शेवटच्या बाकावर जाऊन बसली. वही उघडून तिनं तारीख टाकली.

मामांना भाषणं येत नव्हती. त्यांनी गोणीतून मूठभर वाळू काढली, दाबली आणि उघडून दाखवली. मग एकदम विचारलं, "वतलेला माल फोडला आन् आत बारीक बारीक भोकं निगाली, तर दोष कशाचा?" सगळीकडे नजर फिरवून त्यांनी बोट रोखलं. "तुमी सांगा, मागल्या बाकावरच्या ताई."

करुणा उभी राहिली. हा प्रश्न तिनं चार वर्षं परीक्षेत घातला होता. "धातूच्या रसात वायू विरघळलेला असतो..."

"त्ये आसंल पुस्तकात. पण कारागीर आदी काय बगतो?"

करुणाला येईना. पुढच्या बाकावरची मुलं आनंदानं माना वळवून पाहत होती.

"वाळू हातात घ्यायची," मामा म्हणाले. "वली हाय का बगायची. वल्या वाळूची वाफ हुती, आन् वाफ मालात घुसती. बसा."

करुणा बसली. तेवढ्यात दार किलकिलं झालं. प्राचार्य दारात उभे होते. हातात एक पाकीट होतं. शेवटच्या बाकावर करुणा, फळ्यापाशी एक मिशीवाला गृहस्थ आणि टेबलावर वाळूचा ढीग पाहून ते जागीच थबकले. मामांना प्राचार्य कोण ते ठाऊक नव्हतं.

"आत यायचं तर या, न्हाईतर दार लावा," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं उशीर झालाय."

त्या कॉलेजात प्राचार्यांना आजवर कुणी असं बोललेलं नव्हतं. ते निमूटपणे आत आले, बाकांमधून वाट काढत मागे गेले आणि करुणाच्या शेजारी अंग चोरून बसले. थोडा वेळ त्यांनी ऐकलं. मग थोडं पुढे सरकून ऐकलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, एक पेन द्या."

करुणानं पेन दिलं. प्राचार्यांनी खिसे चाचपले, कागद नव्हता. शेवटी त्यांनी हातातलं पाकीटच उलटं करून मांडीवर घेतलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं, 'वाळू ओली नको.' खाली रेघ मारली.

पाकीट वळवताना करुणाला त्यावरचं नाव दिसलं होतं. प्रा. करुणा ओव्हाळ, पुढील शैक्षणिक वर्षाकरिता नेमणूक. तिनं हात पुढे केला, पण प्राचार्यांनी पाकीट आपल्याकडे ओढून घेतलं.

"थांबा जरा," ते कुजबुजले. "तास संपू दे. माझ्या नोट्स आहेत त्याच्यावर."